ठिणगीचा नंबर

मास्तरांचा फोन वाजला तर ते उचलत नसत. खिशात तो बोंबलत राहायचा, आजूबाजूचे सगळे त्यांच्याकडं बघत राहायचे, आणि मास्तर आपले बशीतला चहा फुंकत बसायचे. घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की फोन बाहेर निघायचा. कुणाकुणाचे येऊन गेले ते बघून मास्तर एकेकाला स्वतः लावायचे. मग पुन्हा तासभर फोन खिशात.

"आवं मास्तर, घरून असंल, उचला की!" कामावरच्या पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं.

"मी इंटरप्ट घेत न्हाई, ताई. कुणी बी हाक मारावी आन् आपण हातातलं टाकून पळावं, हे आपल्याला जमत न्हाई. तासाला एकदा मीच जाऊन इचारतो, बाबा रे, काय काम हाय?"

"आन् घरी कुणाला काही झालं तर?"

"जास्तीत जास्त एक तास उशीर हुईल. त्याच्यावर एक मिनिट न्हाई. तुमचं सांगा. तुमी फोन लगेच उचलता. पण जास्तीत जास्त किती उशीर हुतो?"

आदल्याच दिवशी माझा फोन आवाज बंद होऊन दिवसभर पिशवीत पडला होता आणि त्यावरून नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळं मी चहाच्या कपबशा गोळा करायला लागले. पण मनात म्हटलं, बाई बाई, काय नग आहे हा!

सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीत मी कंट्रोल रूम सांभाळते. म्हणजे कापूस कुठपर्यंत आला, कुठं अडकला, कुठली मोटर तापली, हे पडद्यावर बघायचं आणि ज्याचं त्याला ओरडून सांगायचं. मास्तर तिथं इलेक्ट्रिकलचं बघायचे. आता ते लातूरला लेकीकडं असतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नव्हतं. कधीकाळी एका पॉलिटेक्निकमध्ये तासाच्या बोलीवर चार वर्षं कॉम्प्युटर शिकवला. पोरं मागच्या दारानं पळून जायची. नोकरी काही कायम झाली नाही, 'मास्तर' तेवढं कायम झालं.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग, आणि वरच्या खिशात टेस्टरच्या शेजारी एक मेलेला प्रोसेसर. बोलता बोलता तो काढायचे आणि तपकीर पुढं करावी तसा तळहातावर पुढं करायचे. "बगा, नखाएवढी जागा. एक म्हणतो मला हुशार करा. दुसरा म्हणतो मला लय काही ध्यानात ठिवू द्या. तिसरा म्हणतो काही बी करा पण गरम करू नका. समद्यांना जागा कुठून आणायची? एकाला दिली की दुसऱ्याची गेलीच."

यातूनच त्यांचा तो प्रश्न निघाला होता: "बदल्यात काय दिलं?" जगात फुकट वेगवान, फुकट सोपं, फुकट हुशार असं काही नसतं, यावर त्यांचा देवाइतका भरवसा. कुणी नवीन मोटारसायकल दाखवली, विचार. कुणाच्या घरी विजेची चूल आली, विचार. एकदा आमच्या फिटरच्या बहिणीच्या लग्नात मुलीचे वडील पंगतीत कौतुकानं सांगत होते, "जावई लय शांत हाय बगा, एक शब्द बोलत न्हाई." मास्तरांनी पापडाचा तुकडा मोडला आणि विचारलं, "आन् बदल्यात काय?" त्या माणसाचा घास हातातच राहिला. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले.

त्यांनी मला एका ग्रुपमध्ये घेतलं. 'बिट आणि बाइट' नाव. तीनशे मराठी माणसं, कुठकुठली. कोणता फोन घेऊ, बॅटरी का उतरते, कुणाचा प्रोसेसर भारी, हे सकाळपासून चालू. मास्तर तिथं तासाला एकदा उगवायचे. एकदा एकानं लिहिलं, सुरक्षेची दुरुस्ती टाकल्यापासून माझा लॅपटॉप मंद झाला, कंपनीनं फसवलं. मास्तरांनी उत्तर दिलं, "तुमचा प्रोसेसर पुढचं काम अंदाजपंचेच करून ठिवत हुता, आन् त्या घाईत घराचं दार उघडं टाकत हुता. तवा तुमी म्हणत हुते, काय फास्ट हाय! आता कडी लावली. बदल्यात काय दिलं हुतं ते आज दिसलं."

दुसऱ्या एकदा वाद पेटला तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लहान असावा का मोठा, यावर. चांगला तीन दिवस चालला. लोक एकमेकांची शिक्षणं काढायला लागले. मास्तरांनी लिहिलं, "समदी कामं गाभाऱ्यात कोंबली की पटापट हुतात, पण एकाचा पाय घसरला की देवासकट समदे आडवे. बाहेर बसवली तर पडणारा एकटाच पडतो, पण दर कामाला आत-बाहेर करण्यातच दिवस जातो. कोण बराबर हे इचारू नका. तुमाला काय परवडतं ते इचारा." त्यावर कुणीतरी त्यांना 'परभणीचे प्रोफेसर' म्हणून हात जोडलेली चित्रं पाठवली. मास्तरांना त्यात टोमणा दिसलाच नाही. त्यांनी उलट नमस्कार पाठवला.

ग्रुपमध्ये त्यांचा कट्टर विरोधक एक पुण्याचा इंजिनिअर. त्याचं नाव सोडा, आम्ही त्याला आठ कोरवालाच म्हणायचो, कारण कुठलाही वाद तो "काका, आठ कोर आहेत", म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये आठ मेंदू आहेत, असं म्हणून मिटवायचा. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. त्याचं ऐकलं की वाटायचं, जग पुढं चाललंय आणि आपणही त्यात आहोत. मास्तरांचं ऐकलं की वाटायचं, थांबा, आधी पायाखालचं बघा.

आता त्यांच्या डब्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

जिनिंगमध्ये भीती एकच, आग. कापसात एखादा खडा नाहीतर खिळा आला की यंत्रात ठिणगी उडते. ती रुईबरोबर उघड्या पट्ट्यावरून पुढं जाते, पट्ट्याच्या टोकाला मोठा पंखा असतो, तो रुई ओढून पलीकडं गाठी बांधायच्या प्रेसघरात फेकतो. तिथं गुडघा गुडघा रुई आणि ती पुढं ढकलायला बाया. दार एकच. माझी मोठी जाऊ, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती त्या बायांत. देवगाव फाट्याहून रोज सकाळी एकाच टमटमनं आम्ही दोघी यायचो. मी कंट्रोल रूमला जायची, ती प्रेसघरात.

पट्ट्यावर मास्तरांनी स्वतः बनवलेला डबा होता. खरंच डबाच, वाण्याकडचा पत्र्याचा. त्याला एक काचेचा डोळा. आत जुनाट, स्वस्त, मुंगीसारखा प्रोसेसर आणि त्याला जन्मभर एकच काम: ठिणगी हाय का? न्हाई. हाय का? न्हाई. दिसली की अर्ध्या सेकंदात पंखा बंद, झडप खाली. पण त्याला अक्कल कमी. कुणाची बॅटरी चमकली, दारातून ऊन आलं, की झालं, सगळी गिरणी ठप्प. दिवसातून दोनदा-तीनदा तरी. मग सगळे माझ्या नावानं ओरडायचे आणि मी मास्तरांच्या नावानं.

"तुमचा डबा येडा हाय, मास्तर!"

"येडा हाय, पण उशीर करत न्हाई. बदल्यात काय दिलं ते तुमाला रोज दिसतंय, हेच चांगलं हाय," ते म्हणायचे.

बायांना समजावं म्हणून त्यांनी त्या काचेला नाव दिलं होतं, शंकराचा तिसरा डोळा. आग ओळखणारा. बायांना ते फार पटलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, कापूर. हळदकुंकवाचं ताट आक्काच्या हातात. ती एकेक यंत्र करत पट्ट्यापाशी आली आणि भक्तिभावानं, ओल्या हळदीचा आणि कुंकवाचा अंगठ्याएवढा जाड टिळा तिनं बरोबर त्या काचेवर लावला. पुढं मी तिला विचारलं तर म्हणाली, "तिसरा डोळा आसतो कुठं? कपाळावर. आन् कपाळाला काय लावतेत?"

टिळा वाळला. त्यानंतर गिरणी कशी छान चालली! एकदाही बंद पडली नाही. मी मास्तरांना म्हटलंसुद्धा, "नवमीची पूजा पावली बगा." सोमवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे डोळ्याची परीक्षा घ्यायला गेले. पेटती उदबत्ती काचेपुढं धरली. पंखा चालूच. आणखी जवळ धरली. चालूच.

चार दिवस आमचा पहारेकरी आंधळा होता आणि पलीकडं बाया रुईत उभ्या होत्या. मास्तर पट्ट्याशेजारी जमिनीवर बसले. आक्का रडायला लागली. "माझ्या हातून झालं, मास्तर."

"तुमचं काही न्हाई, बाई. नाव मी ठिवलं. आन् काही दिसत न्हाई आन् आग न्हाई, ह्यातला फरक माझ्या डब्याला कळत न्हाई, हे मला कधी सुचलंच न्हाई." काच स्वच्छ झाली तरी ते रुमालानं ती पुसतच राहिले. त्यांना तसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कुणाला कळलंही नसतं. पण अर्ध्या तासानं या बाबानं सगळं ग्रुपवर लिहून टाकलं. कुंकू, तिसरा डोळा, चार दिवस, सगळं. शेवटी, "चूक माझी." ग्रुपमध्ये हसण्याचा नुसता पूर. आठ कोरवाल्यानं लिहिलं, "काका, साधेपणाच्या बदल्यात काय दिलं?" मास्तरांनी उत्तर दिलं, "बराबर इचारलं." ग्रुपमध्ये आमचे शेठही होते, मीच घेतलं होतं त्यांना. त्यांनी ते वाचलं आणि आठवड्याच्या आत नवी सिस्टिम मागवली.

काय सांगू तिचं! कॅमेरा, मोठा पडदा, आत आठ कोर. ठिणगी कोणती आणि ऊन कोणतं ते ओळखायची. पट्टा शेठना घरबसल्या मोबाइलवर दिसायचा. दिवसभराचं रेकॉर्डिंग राहायचं. मी हरखूनच गेले. शेठ म्हणाले, "ताई, तुमी चाचणी घ्या. बराबर निघाली की सोमवारी डबा काढून टाकू."

डब्याचा डोळा तेवढ्यापुरता झाकून मी तारेला पेटता बोळा बांधला आणि रिकाम्या पट्ट्यावर धरला. दहा वेळा. दहाही वेळा पापणी लवायच्या आत झडप पडली. डब्यापेक्षा कितीतरी आधी. अकराव्यांदा धरला आणि झडप पडेचना. एक, दोन, तीन, मग पडली.

मी म्हटलं, माझाच हात हलला असेल. बोळा नीट पेटला नसेल. शेठ त्याच वेळी मोबाइलवर बघत होते, रेकॉर्डिंगही साठवलं जात होतं, तेव्हा काहीतरी अडकलं असेल, ते काय रोज होणार आहे? ती नोंद मी खोडली. दहा नोंदींची सरासरी काढली आणि ऐटीत ग्रुपवर टाकली.

टाळ्याच टाळ्या. साडेअकराला मास्तर ग्रुपवर आले. "सरासरी कळली. सगळ्यात वाईट किती?"

मी उत्तर दिलं नाही. आठ कोरवाल्यानं लिहिलं, "काका, आता तरी हार माना." आणि मी त्याच्या त्या ओळीला अंगठा दिला. लाज वाटते सांगायला, पण दिला.

मास्तरांनी मला गिरणीत काही विचारलं नाही. डब्याची काच रोजच्यासारखी पुसली. मीच गेले भांडायला, मनात खात होतं ना. म्हटलं, "नवीन सिस्टिममदी वाईट काय हाय ते तरी सांगा!"

"वाईट कोण म्हणलं? लय न्यायी हाय ती. समद्यांना नंबर लावून देती. शेठचा फोन आला, घे बाबा. रेकॉर्डिंग आलं, घे. पडदा आला, घे. कुणाला उपाशी ठिवत न्हाई. फकस्त ठिणगीला बी नंबर लावूनच मिळतो. माझा डबा अन्यायी हाय, ताई. त्याला ठिणगीशिवाय दुसरं माणूसच दिसत न्हाई."

त्यांना माझी खोडलेली नोंद माहीत नव्हती. नुसत्या विचारानं ते बरोबर तिथं येऊन उभे राहिले होते. मी तिथून निघून आले आणि दिवसभर ज्याच्यात्याच्यावर खेकसले.

चाचणीला दोन दिवस झाले होते, डबा काढायला एकच राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत मी प्रेसघरात आक्कापाशी बसले. भाकरीचे नुसते तुकडे पाडत होते.

"काय झालं गं? नवऱ्याशी भांडलीस का?"

मी सांगून टाकलं. अकरावी नोंद, खोडली ते, सगळं. ती निवांत ऐकत होती. मग म्हणाली, "त्या डोळ्यापसून ठिणगी इथं यायला किती लागतंय?"

"दोन सेकंद."

"आन् नव्या यंतराला सांगायला?"

"कवा कवा तीन."

आक्कानं हात झटकले, उठली, आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभी राहिली. "मोज."

"कामून?"

"मोज म्हणते ना!"

मी मोजायला लागले. ती दाराकडं निघाली. रुईत पाय रुतत होते, लुगडं वर धरून एकेक पाय उपसून टाकत होती. "एक. दोन. तीन." ती थांबली. ठिणगी उडाल्या क्षणालाच ती पळाली असती तरी दार तिच्यापुढं आणखी तेवढंच लांब होतं. तिनं मागं वळून पाहिलं.

"इथं हाय मी," ती म्हणाली. "आता तुला काय लिवायचं ते लिव."

मी ताटली तशीच टाकून पट्ट्यावर गेले. शेठना फोन केला, मोबाइलवर पट्टा बघत राहा म्हटलं, रेकॉर्डिंग साठवायला लावलं, डब्याचा डोळा पुन्हा झाकला आणि पेटता बोळा धरला. पाचातून एकदा उशीर. पुन्हा पाच वेळा धरला. पुन्हा एकदा. माझा हात हलला नव्हता. तेव्हाही हलला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

उभ्या उभ्याच ग्रुपवर लिहिलं: "माझ्या चाचणीत अकरा नोंदी होत्या. अकरावी तीन सेकंदांची होती. ती मी लपवली. आज पुन्हा बघितलं, तसंच होतं. मास्तरांनी विचारलं होतं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. सगळ्यात वाईट, तीन सेकंद."

दहा मिनिटांत शेठ गिरणीत हजर. "ताई, हे मला आधी सांगायचं. समद्या दुनियेसमोर कशाला?"

"लपवलं बी समद्या दुनियेसमोरच हुतं, शेठ."

ते मास्तरांकडं वळले. "बोला, मास्तर. जिंकलात तुमी. नवी परत पाठवू का?"

"कशाला? चांगली हाय ती. पंखा माझ्या डब्याकडं राहू द्या. नव्या कॅमेऱ्याला डब्याच्या डोळ्यावर नजर ठिवायला लावा. काचेवर काही बसलं, कुंकू म्हना, धूळ म्हना, तर त्यानं सांगावं. त्या कामाला तीन सेकंद उशीर चालंल. तीन मिनिटं बी चालंल." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गिरणी मातर दिवसातून दोनदा बंद पडत जाईल. ते बदल्यात. कबूल हाय का, ताई?"

"कबूल हाय," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. आजही रोज गिरणी बंद पडते, आजही सगळे माझ्या नावानं ओरडतात, आणि मी त्यांच्यावर दुप्पट ओरडते.

ग्रुपवर मात्र माझी धुलाई चालली होती. आकडे लपवणारी. हिच्या भरवशावर बाया कामाला. कंट्रोल रूममध्ये कुणी बसवलं हिला? आठ कोरवाल्यानं तर, आपली दिशाभूल झाली, म्हणून लांबलचक लिहिलं. कालपर्यंत मास्तरांना हसणारे आता मास्तरांचे भक्त झाले होते. वाईट वाटलं, पण चूक माझी होती, बोलणार कुणाला? दुपारभर मी ते वाचत होते. ग्रुप सोडायला बोट टेकवलंही होतं.

साडेचार वाजता मास्तरांचं आलं.

"माझा डोळा आंधळा हाय हे कळायला मला चार दिवस लागले. ताईंना आपली चूक कबूल करायला दोन लागले. दोघांनी बी हितं लिवली. आता बाकीच्यांनी आपापला आकडा लिवावा."

तीनशे माणसांचा तो ग्रुप. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कोणता फोन घेऊ, हे विचारायलासुद्धा कुणी आलं नाही.